बोताकची वासरे आणि रणदिव्यांचा हात

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात माझे स्नेही, निवृत्त चीफ इंजिनिअर श्री. रणदिवे यांनी मलेशियातल्या जोहोरच्या एका बैलाचा जीव कसा वाचला, याविषयी लेख लिहिला. लेख वाचनीय होता. हे मी आरंभीच मान्य करून टाकतो, कारण पुढे मान्य करण्याजोगे फारसे काही उरणार नाही.

त्या लेखाप्रमाणे घडले ते असे. वासरांच्या डोक्यांवर उंचवटे आले, मालक संतापला, लोखंड तापले, बैलाचे मरण ठरले. तेवढ्यात रणदिवे पुढे झाले, त्यांनी एका वासराच्या डोक्यावर हात ठेवला आणि "हे शिंग नव्हे" असा निर्वाळा दिला. मालकाचे समाधान झाले आणि डॉक्टर, म्हणजे मी, भावनाविवश झालो. लेखासोबत छायाचित्रही आहे. रणदिवे आणि बैल शेजारी शेजारी उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. दोघांत बैल अधिक विनयशील दिसतो.

मी भावनाविवश झालो नव्हतो. जोहोरच्या उन्हात टक्कल पडलेल्या माणसाच्या कपाळावरून जे डोळ्यांत उतरते, त्याला घाम म्हणतात. रणदिव्यांच्या हाताने बैल वाचला, हेही खरे नाही. त्या हातामुळे तो मरता मरता राहिला. आणि 'डॉक्टरांचे निदान अचूक होते' अशी जी माझी स्तुती त्यांनी केली आहे, तीही मला अमान्य आहे. निदान अचूक ठरल्याचे जे कारण त्यांनी दिले आहे, ते वाचून आमच्या व्यवसायातला कोणीही पोट धरून हसेल, आणि हसताना तो नाव माझे घेईल.

माझी पत्नी कुमुद म्हणाली, "अहो, कौतुकच केलंय की त्यांनी तुमचं."

"चुकीच्या कारणासाठी केलंय."

"बरोबर कारणासाठी करणारा कोणी शिल्लक आहे का, ते आधी बघा," असे म्हणून ती कोथिंबीर निवडत राहिली.

तसा कोणी शिल्लक नसल्यामुळे हे काम मलाच करावे लागत आहे.

माझ्या व्यवसायाविषयी प्रथम सांगणे भाग आहे, कारण तो ऐकून माणसे प्रथम माझ्याकडे आणि नंतर खिडकीबाहेर पाहतात. मी गुरांचा डॉक्टर. परभणीला शिकलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे सिंगापुरात काढली, म्हणजे जिथे गाय पाहायची तर दुधाच्या डब्यावर पाहावी लागते अशा ठिकाणी. पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये मी प्राण्यांचा डॉक्टर असल्याची बातमी पसरली, तेव्हा शेजारी आपापली मांजरे, ससे आणि हॅमस्टर घेऊन दारात येऊ लागले. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगत असे की, या प्राण्याला शिंगे येणार नाहीत एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. काही जण तेवढ्यावरही आभार मानून गेले.

कारण माझा खरा विषय शिंगे हाच होता. अधिक नेमके सांगायचे तर शिंगांचा अभाव. मी ज्यांच्याकडे नोकरीला होतो ते मिस्टर लिम मांसाचे व्यापारी. त्यांचे ऑफिस बुओना व्हिस्टाला, एका काचेच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर होते. गुरांचा फार्म पुलापलीकडे जोहोरला. गावाकडच्या नातेवाइकांना मी 'पशुसंवर्धन' एवढाच शब्द सांगत असे. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही आणि पुढचे उत्तर मी दिले नाही. कुटुंबे टिकतात ती अशीच. पोळ्याला जे वडील बैलांच्या शिंगांना हिंगुळ लावून, ती कुणाच्या बैलाची किती डौलदार आहेत यावरून शेजाऱ्यांशी भांडत, त्या वडिलांचा मुलगा मी, आणि माझे जीवितकार्य शिंगे नाहीशी करणे हे. भांडण्याचा गुण तेवढा मी जसाच्या तसा पुढे चालवला.

शिंगे नकोत, याचे कारण सरळ आहे. मोकळ्या रानात शिंग शोभेल. पण ट्रकमध्ये आणि गोठ्यात, जिथे जनावर जनावराला खेटून उभे असते, तिथे ते शेजाऱ्याच्या बरगडीत शिरते. म्हणून वासरू लहान असतानाच त्याच्या शिंगांचे कोंब तापलेल्या लोखंडाने डागून टाकतात. वास्तविक वासरू जन्मते तेव्हा शिंग असे काही नसतेच. कातडीत एक कोंब असतो, वाटाण्याएवढा, आणि तो खालच्या कवटीला जोडलेला नसतो. बोटाने दाबला तर सरकतो. साधारण दोन महिन्यांनी तो हाडाला धरतो आणि मग त्याच्या आत हाडच वाढू लागते. त्याआधी डागले तर काम थोडक्यात होते. त्यानंतर मात्र कापावे लागते. रक्त येते, आणि फार उशीर केला तर कवटीतल्या पोकळीपर्यंत वाट उघडते. हे मी वाचकांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. दोन महिन्यांची ही मर्यादा ध्यानात ठेवावी, एवढ्यासाठी सांगतो. रणदिवे ती विसरले आहेत.

या डागण्यावर उपाय म्हणजे जन्मतःच भुंडी वासरे. प्रत्येक वासराला शिंगांबाबत दोन जनुके मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यांतले एक जरी भुंडेपणाचे असले तरी त्याचेच म्हणणे चालते आणि शिंग येत नाही. तेव्हा ज्या बैलाची दोन्ही जनुके भुंडेपणाची आहेत, तो कितीही शिंगाळ गाईंत सोडला तरी त्याचे प्रत्येक वासरू भुंडेच होणार. अडचण अशी की एक जनुक असलेला बैल आणि दोन असलेला बैल दिसायला अगदी सारखे असतात. फरक केवळ तपासणीत कळतो, किंवा वासरे झाल्यावर, म्हणजे उशिरा.

मी लिमसाहेबांसाठी जो बैल निवडला, त्याच्या शेपटीच्या केसांची तपासणी मी दोनदा करवली. दोन्ही जनुके भुंडेपणाची निघाली. बैल ऑस्ट्रेलियाहून गुरांच्या जहाजाने आला आणि त्या जहाजाचे चीफ इंजिनिअर रणदिवे होते. आमची ओळख तिथली. त्यांचे म्हणणे असे की वादळात त्यांनी इंजिनापेक्षा बैलाची काळजी अधिक घेतली. जहाज बंद पडत पडत आले होते हे मी ऐकून होतो, त्यामुळे यावर मी कधी वाद घातला नाही.

फार्मचे मुकादम हमीद यांनी बैलाचे गुळगुळीत डोके पाहिले, नंतर माझ्याकडे पाहिले आणि त्याचे नाव 'बोताक' ठेवले. मलायमध्ये बोताक म्हणजे टकला. सिंगापुरात हा शब्द सर्वांना कळतो. माझी नात काही हवे असले की मला आजोबा म्हणते आणि एरवी बोताकच.

लिमसाहेबांनी मला ऑफिसात विचारले होते, "डॉक्टर, शुअर?" सुज्ञ माणसाने अशा वेळी काय बोलावे हे मला ठाऊक आहे. गाई अर्ध्या झेबू रक्ताच्या, म्हणजे आपल्याकडच्या वशिंडवाल्या गुरांच्या वंशातल्या. अशा रक्तात शिंगांचा हिशेब अजून पुरता उलगडलेला नाही. तेव्हा थोडी वाट पाहावी. हे सगळे मला ठाऊक होते आणि मी म्हणालो, "शंभर टक्के." लिमसाहेबांनी ते शंभर टक्के आपल्या व्यापारी मित्रांच्या जेवणात जाहीर केले. यापुढे आमच्या फार्मवर लोखंड तापणार नाही, येऊन वासरे पाहा, असे आमंत्रणही देऊन टाकले.

वासरे झाली, गोंडस झाली आणि महिना-सव्वा महिना सर्व काही ठीक होते. मग हमीदचा फोन आला. ते फार शांत गृहस्थ होते. म्हणाले, "डॉक्टर, बोताकच्या मुलांना काहीतरी फुटतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही फार्मवर पोहोचलो. आम्ही म्हणजे लिमसाहेब, मी आणि रणदिवे. रणदिवे का, हा प्रश्न रास्त आहे. ते तेव्हा रजेवर, सिंगापुरातल्या आंग मो किओच्या आपल्या फ्लॅटमध्ये होते, आणि रजेवर असलेल्या चीफ इंजिनिअरला घरातले लोक कुठेही पाठवायला तयार असतात. शिवाय 'आपल्या' बैलावर संकट आले आहे, असे त्यांचे मत होते.

वासरांच्या डोक्यांवर खरोखरच उंचवटे होते, सर्वांच्या नव्हे पण बऱ्याच जणांच्या. मी एकेक वासरू धरून पाहत गेलो आणि दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली दिलासा देणारी होती. उंचवटे केवळ नरांच्या डोक्यांवर होते; मादी वासरांची कपाळे स्वच्छ होती. खरी शिंगे असती तर ती नर-मादी पाहत बसली नसती. भुंड्या जनावरांत कधी कधी एक खोटे शिंग येते, इंग्रजीत त्याला 'स्कर' म्हणतात. ते कातडीत रुजते, कवटीला धरत नाही, आयुष्यभर डुगडुगत राहते आणि कोणाच्या बरगडीत घुसण्याइतके सहसा वाढत नाही. त्याचे जनुक निराळे. शिंगाळ गाईंत ते असले तरी दिसत नाही. घरातला कर्ता माणूस बोलत असला की बाकीच्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, तसे. खरी शिंगे गेली की ते प्रकट होते, आणि माद्यांपेक्षा नरांत फार सहज. तेव्हा ही खोटी शिंगे होती, अशी माझी खात्री झाली.

दुसरी गोष्ट मात्र खटकणारी होती. खोटी शिंगे बहुधा उशिरा येतात आणि ही लवकर आली होती. त्यामुळे ती खात्री शंभर टक्क्यांची राहिली नाही. किती टक्क्यांची राहिली, हे मी त्या वेळी स्वतःलाही विचारले नाही.

लिमसाहेब कुंपणाला टेकून उभे होते. ते ओरडत नसत; त्यांचा आवाज उलट खाली जाई. त्यांचा निर्णय झाला होता. सर्व वासरे याच आठवड्यात डागायची आणि फसवा बैल खाटकाकडे पाठवायचा. हमीदच्या माणसांनी लोखंड तापत ठेवलेही होते. मी तोंड उघडणार, तोच रणदिवे पुढे झाले.

आता मागे कधीतरी चहा पिताना मी त्यांना सांगितले होते की खरे शिंग घट्ट असते आणि खोटे हलते. त्यांनी त्यातले एवढेच लक्षात ठेवले. एका वासराचे डोके त्यांनी काखेत धरले, जहाजावर व्हॉल्व्ह तपासावा तसा अंगठ्याने उंचवटा दाबला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"डॉक्टर, हलतंय! मिस्टर लिम, सी, इट इज मूव्हिंग. नॉट हॉर्न."

लिमसाहेब आले, त्यांनी स्वतः अंगठा लावला. हलत होते. त्यांनी दुसरे वासरू पाहिले. तेही हलत होते. इतका वेळ ताणलेला त्यांचा खांदा सैल झाला आणि त्यांनी हमीदला लोखंड विझवण्याची खूण केली.

रणदिव्यांचा लेख इथे संपतो. शहाण्या माणसाचा लेखही इथेच संपला असता. बैल वाचला होता, वासरे वाचली होती, माझा शब्द राहिला होता आणि मला केवळ गप्प राहायचे होते. तेवढे मला आयुष्यात कधी जमलेले नाही.

"याला काही अर्थ नाही," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की या वयात प्रत्येक वासराचा कोंब हलतो. खऱ्या शिंगाचाही हलतो. दोन महिने उलटेपर्यंत शिंग हाडाला धरतच नाही. त्यामुळे मिस्टर रणदिवे यांनी जी चाचणी केली, ती आज कोणत्याही शिंगाळ गाईच्या वासरावर केली असती तरी हाच निकाल आला असता.

लिमसाहेबांनी शांतपणे विचारले, "म्हणजे हे शिंग आहे?"

"नाही. हे शिंग नाही."

"तुमचे मित्र तेच म्हणाले."

"ते बरोबर बोलले, पण त्यांचं कारण चुकीचं आहे."

रणदिवे मराठीत पुटपुटले, "डॉक्टर, आता तरी गप्प बसा हो. मी तुमच्याच बाजूने बोलतोय."

"म्हणूनच गप्प बसता येत नाही," मी म्हणालो.

लिमसाहेब माझ्याकडे वळले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. "डॉक्टर, तुम्हाला वाद जिंकायचाय, की बैल जगवायचाय?"

मी म्हणालो, "दोन्ही." रणदिव्यांनी कपाळावर हात मारला. हात ठेवण्याचा जो प्रसंग त्यांच्या लेखात आहे, त्यातला एवढाच हात मला पूर्णपणे मान्य आहे.

माझ्या या हट्टात तत्त्व होते, असे मी तेव्हापासून म्हणत आलो आहे. आज हलतात म्हणून ही खोटी शिंगे, असे लिमसाहेबांनी मानले असते, तर पुढच्या खेपेस खऱ्या शिंगांची वासरेही याच चाचणीवर सोडून दिली असती आणि मग ती मोठेपणी कापावी लागली असती. कुमुदचे मत निराळे आहे. तिच्या मते माझ्या विषयात दुसऱ्या कोणी बरोबर उत्तर दिले, हेच मला सहन झाले नाही. मी तिचे मत येथे निष्पक्षपणे नोंदवतो. ते खोडून काढण्यास मला जागा पुरणार नाही.

मग मी मादी वासरांचा पुरावा मांडला. लिमसाहेब म्हणाले की मादी वासरे ते विकत नाहीत, त्यांच्या कपाळांचे त्यांना काय. मी झेबूच्या रक्ताविषयी बोलू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि अट घातली. थांबायचे. कोंब घट्ट होण्याचे वय उलटून जाऊ द्यायचे आणि मग सर्वांसमोर पाहायचे. एक जरी खरे शिंग निघाले तर बोताक जाणार. आणि ते शिंग तेव्हा कापावे लागेल, ते माणसे लावून नव्हे, डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने कापायचे.

एवढ्या माणसांसमोर मी आणखी काय म्हणणार? "मान्य," म्हणालो.

परतताना पुलावर वाहनांची रांग लागली होती. रणदिव्यांनी शेवटी खिडकीबाहेर पाहत विचारले, "डॉक्टर, समजा घट्ट निघालं एखादं?" मी म्हणालो, निघणार नाही. ते म्हणाले, "हेही चुकीच्या कारणाने म्हणताय की बरोबर?"

नंतरचे ते आठवडे. कुमुद सांगते की मी जेवताना, बोलताना, एलआरटीच्या गाडीत बसलेला असतानासुद्धा स्वतःच्या टकलाला दोन्ही अंगठ्यांनी चाचपत असे. मी हे नाकारत आलो आहे. परंतु पुंगोलच्या एलआरटीत एकदा समोरच्या लहान मुलीने आईला चिनी भाषेत काही विचारले आणि आईने तिचे तोंड हाताने झाकले, हे मला स्वच्छ आठवते. मी दर शनिवारी जोहोरला जात होतो, पण वासरांना हात लावत नव्हतो. अटीप्रमाणे सर्वांसमोरच पाहायचे होते, असे मी हमीदना सांगत असे. कुंपणाशी उभे राहून मी लांबूनच त्यांची डोकी पाही आणि बोताक माझ्याकडे पाही. त्याला या प्रकरणाची काही कल्पना नव्हती. आम्हा दोघांत स्वस्थ झोप त्यालाच लागत होती.

ठरलेल्या दिवशी सर्व जमले. लोखंड नव्हते, आता लोखंडाची वेळ गेली होती. टेबलावर माझी तारेची करवत, भुलीचे औषध आणि कापूस होता. हमीद एकेक वासरू आणत होते. मी अंगठा लावे, नंतर लिमसाहेब लावत.

पहिले हलले. दुसरे हलले. तिसरे हलले, आणि कातडीसकट असे मोकळे सरकले की मी लिमसाहेबांकडे पाहिले. मला वाटते मी थोडा छाती काढूनही उभा राहिलो असेन. रणदिवे मागे उभे राहून प्रत्येक वेळी "हलतंय" असे जाहीर करत होते, जणू काही शोध त्यांचाच. मी त्यांना काही म्हणालो नाही. विजयी माणूस उदार असतो.

पुढची बरीच वासरे हलली. मग हमीदनी एक तांबूस नर आणला, अंगाने भरलेला, खोडकर. मी अंगठा लावला. उंचवटा सरकला नाही. मी दुसऱ्या बाजूला लावला. तोही दगडासारखा. मी बोटे उचलली नाहीत. उचलली असती तर लिमसाहेबांची पाळी आली असती.

"डॉक्टर," लिमसाहेब म्हणाले, "हात काढा."

त्यांनी पाहिले. रणदिव्यांनी या वेळी काही जाहीर केले नाही.

मी म्हणालो, "हे बोताकचं वासरू नाही."

लिमसाहेब मोठ्याने हसले. त्यांना तसे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. "प्रत्येक बाप असंच म्हणतो, डॉक्टर."

हसण्यासारखेच होते ते. परंतु तर्क साधा होता. दोन्ही जनुके भुंडेपणाची असलेल्या बैलाला खऱ्या शिंगाचे वासरू होऊच शकत नाही. इतरांची शिंगे खोटी ठरली, म्हणजे तपासणी खरी ठरली. तेव्हा या एकाचा बाप दुसरा. मी हमीदना विचारले की गाई बोताकच्या कळपात असताना बाहेरचे जनावर कधी आत आले होते का. हमीद म्हणाले की ताडाच्या मळ्याकडचे कुंपण एकदा पडले होते आणि गावातला एक बैल सकाळी आत सापडला होता. त्याला हाकलून कुंपण उभे केले, ते लिमसाहेबांना माहीत आहे. लिमसाहेबांना माहीत होते. गावच्या बैलाने एका रात्रीत एवढा उद्योग केला असेल, असे मात्र कोणाच्या मनात आले नव्हते.

मी वासराचे केस उपटून पाकिटात घातले. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत बोताकला हात लावू नये, अशी विनंती केली. लिमसाहेबांनी मान हलवली. मग टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे?"

शिंग खरे होते आणि अट मी सर्वांसमोर मान्य केली होती. वासरू कोणाचे का असेना.

भूल दिली. हमीदनी डोके धरले. ज्यांना कापणे म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांना मी सविस्तर सांगणार नाही. एवढेच सांगतो की डागले असते तर जे काम पापणी लवेपर्यंत उरकले असते, त्याला रणदिव्यांची एक सिगारेट संपेपर्यंत वेळ लागला, आणि रणदिवे, ज्यांनी वादळात जहाज चालवले, ते अर्ध्यातून उठून गाडीकडे गेले. शिंगाबरोबर त्याच्या मुळाशी असलेली कातडीची कडीही पूर्ण काढावी लागते. थोडी जरी राहिली तर शिंग पुन्हा येते आणि वाकडे येते. डावी बाजू मी उत्तम काढली. उजव्या बाजूला रक्त फार होते, आणि इतकी वर्षे काचेच्या इमारतीत बसून जनुकांवर व्याख्याने देणाऱ्या माणसाच्या हाताला जितके जमते तितके जमले.

मी बरोबर होतो. थांबलो नसतो तर कळपातल्या सर्व नरांना विनाकारण डाग बसले असते आणि एक निरपराध बैल मेला असता. हे मी आजही कोणाशीही वाद घालून सिद्ध करीन. फक्त त्या तांबूस वासराशी घालणार नाही.

निकाल आला. वासरू बोताकचे नव्हते. लिमसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून कॉफी पाजली आणि बोताक राहील असे सांगितले. मी छोटेसे भाषण तयार करून गेलो होतो, ते त्यांनी ऐकून घेतले नाही. लिफ्टपर्यंत सोडताना म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या वेळी तुमच्या मित्राला बोलू द्या."

बोताक त्या फार्मवर म्हातारा होऊन मेला, त्याच्या धंद्यातल्या फार थोड्यांना हे भाग्य लाभते. तांबूस वासराला पोसून विकायचे होते, पण हमीदना त्याचा लळा लागला आणि लिमसाहेबांनीही ते सोडून दिले. वर्षभरात त्याच्या उजव्या बाजूने, जिथे कडी राहिली होती तिथून, शिंग पुन्हा आले. ते आधी पुढे गेले, मग खाली वळले आणि डोळ्याच्या दिशेने निघाले. दर काही महिन्यांनी मी जाऊन त्याचे टोक कापत असे. भुंड्यांच्या त्या सबंध कळपात शिंग असलेले जनावर एकच होते, आणि ते माझ्या हातचे काम होते. मला पाहिले की तो कुंपणापाशी येऊन उभा राही आणि ती बाजू माझ्याकडे करी. हमीदनी त्याचे नाव 'डॉक्टर' ठेवले होते. फार्मवर नवी आलेली माणसे "डॉक्टर आला" म्हणत, तेव्हा आम्ही दोघेही वळून पाहत असू.

रणदिव्यांच्या लेखात त्याचा उल्लेख नाही. मी फोन करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, लोकांना दिवाळीत रक्त कशाला? बैल वाचला, तुमचं नाव राहिलं. आणखी काय पाहिजे तुम्हाला?" थोड्या वेळाने म्हणाले, "आणि खरं सांगू, मी त्या वेळी गाडीत होतो. मी पाहिलंच नाही, तर लिहू कसं?" या एका उत्तराबद्दल मी त्यांचा आदर करतो.

लेख प्रसिद्ध झाल्यावर मंडळातल्या अनेकांनी मला सांगितले की छायाचित्रात तुम्ही नाही, तुमच्यावर अन्याय झाला. अंक अजून कोणाकडे असेल तर त्याने ते पान पुन्हा उघडावे. रणदिवे आणि बोताक यांच्या मागे, कुंपणाशी, सावलीत, एक तांबूस जनावर मान तिरकी करून उभे आहे. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला एक वाकडे शिंग डोळ्याकडे वळले आहे.

तो डॉक्टर.